प्रतिपक्षाची कैफियत

दिवाळीची सुटी सरून दुसरे सत्र सुरू झाले, म्हणजे अहिल्यानगरच्या सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकापासून गुलमोहोर रस्त्यापर्यंत आणि तेथून पाइपलाइन रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या शिकवणीवर्गांतून दहावीच्या विद्यार्थ्यांकडून निबंधाची जी तयारी करून घेतली जाते, ती काही दिवस जवळून पाहणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही, ती ही, की प्रश्नपत्रिकेत ज्याला वैचारिक लेखन म्हटले आहे, ते विद्यार्थ्याने विचार न करताच लिहावे अशी सर्व व्यवस्था आपण वडीलधाऱ्यांनी करून ठेवलेली आहे. विषय ठरलेले असतात : विज्ञान शाप की वरदान, मोबाइलचे दुष्परिणाम, वृक्षारोपणाची आवश्यकता, वाचनसंस्कृतीचा ऱ्हास. आरंभीचे सुभाषित ठरलेले, मधले मुद्दे गाइडातून उतरलेले, आणि शेवटी उभय पक्षांस सारखाच मान देऊन कोणाचेही मन न दुखविणारा समारोप. हा निबंध शुद्ध असतो, सुवाच्य असतो, त्याला गुणही बरे मिळतात. परंतु तो वाचून झाल्यावर लिहिणाऱ्याचे मत काय, असे कोणी विचारले, तर ते परीक्षकाला सांगता येत नाही आणि, याहून खेदाची गोष्ट म्हणजे, खुद्द लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

ज्या विधानाला एकही समंजस मनुष्य विरोध करणार नाही, ते विधान मत या संज्ञेस पात्र नाही, असे मी मानतो. झाडे लावावीत, वाचन करावे, मोबाइलचा अतिरेक टाळावा, या गोष्टी खऱ्या असतील. पण त्या लिहिताना मुलाला कशाचाही धोका पत्करावा लागत नाही, कोणाचे म्हणणे खोडावे लागत नाही आणि आपले म्हणणे चुकीचे ठरेल की काय, अशी शंकाही त्याच्या मनाला शिवत नाही. ज्या लेखनात चुकण्याची शक्यताच नाही, त्यात बरोबर असण्याचे समाधान तरी कोठून यावे? याच मुलांना मधल्या सुटीत मैदानावर वाद घालताना ऐकावे. संघात कोणाला घ्यावे, कोणता शिक्षक पक्षपात करतो, घरी थोरल्या भावाला मिळणारी मोकळीक बहिणीला का मिळत नाही, या प्रश्नांवर त्यांची मते किती ठाम असतात आणि दाखले किती नेमके असतात, हे पाहिले म्हणजे मुलांपाशी मते नाहीत ही तक्रार किती निराधार आहे, ते कळते. मते आहेत, ती वहीत उतरविण्याची मुभा आपण दिलेली नाही आणि मुभा दिली, तर ती कशी उतरवावी याची रीतही शिकविलेली नाही.

मुभा आणि रीत या दोहोंचा जो सर्वोत्तम नमुना मराठीत मला ठाऊक आहे, त्याचा आमच्या नगर शहराशी जवळचा संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली याच शहरात सुरू केले. पुढे ते मुंबईस गेले. सिंथिया फॅरार या मिशनरी बाईंनी मुलींच्या शाळा चालविल्या त्याही येथेच, आणि त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनात पुण्यास मुलींसाठी शाळा काढण्याचा विचार बळावला, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलेले आहे. त्या फुले दाम्पत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई नावाच्या, मांग जातीच्या, चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध याच ‘ज्ञानोदया’ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. आज आपण तिला मुक्ता साळवे म्हणून ओळखतो आणि दलित साहित्याचा व स्त्रियांच्या लेखनाचा आरंभ सांगताना तिचे नाव आदराने घेतो. तो आदर योग्यच आहे. परंतु एक शाळकरी मुलगी निबंध कसा लिहिते, हे पाहण्यासाठीही तो निबंध वाचावा, असे मला वाटते, कारण त्या दृष्टीने तो फारसा वाचलाच गेलेला नाही.

त्याची रचना पाहावी. मुक्ताबाई आपल्या दुःखाच्या वर्णनाने सारे सिद्ध करू पाहत नाही. प्रथम ती प्रतिपक्षाचे प्रमेय उचलते : वेद हे ब्राह्मणांचेच, इतरांनी ते पाहूही नयेत, असे ज्या अर्थी ते पक्षकार स्वतःच सांगतात, त्या अर्थी आम्हांला धर्मग्रंथच नाही, आणि ज्याला धर्मग्रंथ नाही त्याचा धर्म कोणता, हे आता देवानेच आम्हांला सांगावे. प्रतिवाद्याने कबूल केलेल्या गोष्टीतूनच त्याला अमान्य असलेला निष्कर्ष काढून दाखविणे, ही वादशास्त्रातील अत्यंत कठीण युक्ती होय, आणि ती येथे एका बालिकेने साधलेली आहे. मग ती दाखल्यांकडे वळते. बाजीरावाच्या अमदानीत तालीमखान्यावरून जाणाऱ्या मांग-महाराची काय गत होत असे, इमारतींच्या पायांत माणसे कशी पुरली जात, कोणी अक्षरओळख करून घेतली तर त्याला कोणते बोल ऐकावे लागत, हे सारे ती स्थळ आणि प्रसंग यांसह नमूद करते. बाळंतपणाच्या वेळी ज्यांच्या घरावर छप्पर नाही, त्या स्त्रियांना थंडीपावसात काय सोसावे लागते, हे सांगताना तर ती असा पुरावा पुढे करते, की जो कोणत्याही दफ्तरात सापडला नसता आणि जो तिच्यावाचून दुसऱ्या कोणाला देताही आला नसता. शेवटी ती आपल्याच ज्ञातिबांधवांकडे वळून त्यांच्या अज्ञानाविषयी त्यांना खडसावते आणि विद्येची कास धरावयास सांगते; म्हणजे दोष केवळ परपक्षाचा दाखवून ती थांबत नाही. तिच्या लेखनात संताप आहे, उपहासही आहे, पण ते युक्तिवादाची जागा घेत नाहीत.

याच्या शेजारी ‘निबंधमाला’ ठेवून पाहावी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून सात वर्षे, चौऱ्याऐंशी अंकांतून, मराठी गद्याला जे सामर्थ्य दिले, त्याचे ऋण माझ्यासारख्या प्रत्येक मराठी अध्यापकाच्या माथ्यावर आहे. दीर्घ वाक्याचा तोल कसा सांभाळावा, हे आजही त्यांच्याकडूनच शिकावे. परंतु त्याच ‘माले’त जोतीरावांच्या ग्रंथांचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणावर आणि भाषाशैलीवर जितकी शक्ती खर्ची पडली, तितकी त्यांच्या मूळ प्रतिपादनाच्या परामर्शात पडली नाही, हे आज तटस्थपणे वाचणाऱ्याला मान्य करावे लागेल. जोतीरावांचे म्हणणे त्या टीकेने खोडले गेले नाही, ते बाजूला सारले गेले. विद्यार्थ्यांना हे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचावयास द्यावेत. एका बाजूस भाषाप्रभू शास्त्री, दुसऱ्या बाजूस शाळेतली मुलगी. आणि प्रतिपक्षाशी युक्तिवादाने भिडण्याच्या कसोटीवर मुलगी सरस उतरते, हे त्यांना स्वतः शोधू द्यावे.

प्रतिपक्षाशी न्यायाने वागणे ही आपल्याकडे परकी रीत नाही. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडल्याखेरीज सिद्धान्ताकडे जाताच येत नसे. याच जिल्ह्यात नेवाशाच्या परिसरात ज्यांनी गीतेवरील आपली टीका पूर्ण केली, त्या ज्ञानदेवांनी ‘अनुभवामृता’तील आपले सर्वांत विस्तृत प्रकरण अज्ञानवाद्यांच्या मताच्या खंडनासाठी दिलेले आहे. आणि शास्त्राची गोष्ट राहू द्या, व्यवहारातही हेच होते. मराठेशाहीतील निवाडपत्रे ज्यांनी वाचली असतील, त्यांना ठाऊक आहे, की वतनाचा तंटा पंचांपुढे आला, म्हणजे अग्रवादी म्हणजे वादी आणि पश्चिमवादी म्हणजे प्रतिवादी या दोघांच्याही तकरिरा, म्हणजे जबान्या, लिहून घेतल्या जात, भोगवटा कोणाचा, कागद कोणते, साक्षी कोणाच्या, हे सारे मजकुरात क्रमाने येई आणि मगच निवाडा होई. हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेतले जाई, म्हणजे आपली बाजू ऐकली गेली आणि ती लागू पडली नाही, याची कबुली तो स्वतः देई. आपल्या गावकुलकर्ण्यांच्या लेखणीला जी शिस्त होती, ती आपल्या दहावीच्या विद्यार्थ्याच्या लेखणीला नसावी, याला काय म्हणावे?

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की मतप्रदर्शनपर निबंध शिकविण्याचा आरंभ मुलाचे स्वतःचे मत विचारून करू नये; ज्या मताचा त्याला राग येतो, त्या मताची कैफियत त्याच्याकडून लिहवून घेऊन करावा, आणि ती अशी लिहवून घ्यावी, की त्या मताच्या माणसाने वाचून खाली स्वहस्ते सही करावी.

हे बोलणे अधांतरी राहू नये, म्हणून नगरच्या मुलांना देण्यासारखा एक विषय येथे सविस्तर मांडतो. सावेडीच्या नळाला येणारे पाणी राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे बांधलेल्या मुळा धरणातून येते. त्या धरणाची क्षमता २६ टीएमसी, म्हणजे २६ अब्ज घनफूट, आहे. मुळा नदी प्रवरेला मिळते, प्रवरा पुढे प्रवरासंगमापाशी गोदावरीला मिळते आणि गोदावरी पैठणच्या जायकवाडी धरणात, म्हणजे १०२ टीएमसीच्या नाथसागरात जाते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व घालून दिले. मेंढेगिरी समितीने २०१३ साली त्याचे गणित मांडले. आणि आता १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीतील साठा ठरलेल्या मर्यादेच्या खाली असेल, तर नाशिक व नगर जिल्ह्यांतील धरणांतून खाली पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. अशा वर्षी आमच्या जिल्ह्यात काय वातावरण असते, ते येथल्या कोणत्याही मुलाला सांगावे लागत नाही. मोर्चे निघतात, न्यायालयात अर्ज जातात, आणि घरोघरी ‘आमचे पाणी’ हा एकच शब्दप्रयोग ऐकू येतो.

आता या मुलाला सांगावे, की तू पैठणच्या शेतकऱ्याची बाजू लिही. प्रथम तो चिडेल, चिडू द्यावे. मग तो शोधू लागेल, आणि त्याला आढळेल, की जायकवाडीवर केवळ शेती अवलंबून नाही, छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांचे पिण्याचे पाणीही तेथूनच जाते. त्याला आढळेल, की नदीचे खोरे जिल्ह्याच्या सरहद्दी पाहून आखलेले नसते, आणि वरच्या माणसाने आधी अडवावे व उरेल ते खालच्याने घ्यावे, हा नियम आपण आपल्याच गावातील वरच्या बंधाऱ्याच्या बाबतीत कधी मान्य करीत नाही. त्याला हेही आढळेल, की आमच्या जिल्ह्याची समृद्धी ज्या उसावर आणि साखर कारखान्यांवर उभी आहे, त्या उसाला किती पाणी लागते, हा प्रश्न पैठणचा माणूस विचारतो तेव्हा तो वितंडवाद करीत नसतो. हे सारे त्याने प्रामाणिकपणे, कोणतेही वाक्य मुद्दाम दुबळे न ठेवता, लिहून काढावे.

त्यानंतर त्याने आपली बाजू हाती घ्यावी, आणि मग पाहावे, ती किती निराळी उमटते. ‘आमचे पाणी’ ही आरोळी आता त्याच्या हातून लिहिली जाणार नाही. तो लिहील, की कोरड्या नदीपात्रातून पाणी सोडले असता वाटेत किती मुरते याचा हिशेब आधी व्हावा; तो लिहील, की नाथसागराच्या पाण्याखाली शेवगाव आणि नेवासे तालुक्यांतील गावेही गेली, तेव्हा या जिल्ह्याने जायकवाडीसाठी काहीच सोसले नाही, असे कोणी म्हणू नये; तो कदाचित हिवरे बाजारकडे बोट दाखवील, जेथे पावसाळ्याअखेर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरविली जातात, आणि विचारील, की हीच शिस्त वरच्या आणि खालच्या दोन्ही लाभक्षेत्रांना का लावू नये. कदाचित तो पैठणच्याच बाजूचा होऊन जाईल. तसे झाले, तरी अध्यापकाने त्याचे गुण कमी करू नयेत.

या शेवटच्या वाक्यातच सर्व अडचण साठलेली आहे, याची मला जाणीव आहे. अध्यापकालाही मते असतात, तो याच गावचा असतो, त्याचीही शेती एखाद्या कालव्याखाली असते. मुलाचा निबंध तपासताना आपल्या मताशी तो जुळतो की नाही, हे न पाहता, पूर्वपक्ष न्यायाने मांडला आहे की नाही, दाखला नेमका आहे की नाही आणि निष्कर्ष त्या दाखल्यातून निघतो की नाही, एवढेच पाहणे, ही फार मोठी तपश्चर्या आहे, आणि अध्यापकाने ती केल्यावाचून मुलाकडून तिची अपेक्षा करण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही. टिळक आणि आगरकर एका खोलीत राहिले, एकाच शाळेत शिकविते झाले, ‘केसरी’ त्यांनी मिळून चालविला, आणि सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर ते असे दुरावले, की आगरकरांना १८८८ साली स्वतःचा ‘सुधारक’ काढावा लागला. त्या दोघांचे लेख आपण आज एकाच पाठ्यक्रमात मानाने शिकवितो. मग आपल्या वर्गातील मुलगा आपल्याहून भिन्न मताचा निघाला, तर त्यात आपला कोणता अपमान झाला?

दाखल्याविषयीही थोडे सांगावयास हवे. वैचारिक निबंधात मुले ज्या थोरांची वचने घालतात, ती बहुधा त्यांनी कोठे वाचलेली नसतात, आणि जी टक्केवारी देतात, ती कोठून आली, हे त्यांना ठाऊक नसते. अलीकडे यंत्राला प्रश्न घालून क्षणात संपूर्ण निबंध मिळू लागला आहे, त्यामुळे हा रोग वाढणार, यात संशय नाही. यावर एकच उपाय मला दिसतो : दाखला असा मागावा, की जो मिळविण्यासाठी मुलाला उठून कोठेतरी जावे लागेल. भिस्तबागेकडून शाळेत येणाऱ्या मुलीने सायकलवरून येताना रस्त्यावर काय काय चुकवावे लागते ते लिहावे. आजीला विचारून तिच्या लहानपणी पाणी कोठून आणीत ते लिहावे. महापालिकेत माहितीचा अर्ज कसा करावयाचा, ते शिकून घेऊन उत्तर आले तर ते जोडावे, न आले तर तेही नमूद करावे. मुक्ताबाईने छप्पर नसलेल्या घरातील बाळंतिणीचा दाखला दिला, तो तिला कोणत्या ग्रंथात सापडला नव्हता.

आक्षेप पुष्कळ निघतील, आणि त्यांपैकी काहींत तथ्य आहे. एका वर्गात साठ मुले असताना असे निबंध तपासावयाचे कधी? वर्षातून चार निबंध पुरे आहेत. पहिली तपासणी मुलांनी परस्परांची करावी, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडले गेले की नाही, हे त्या पक्षाचा सोबती जितके चोख सांगेल, तितके अध्यापकही सांगणार नाही. परीक्षेत अवघ्या शंभर-सव्वाशे शब्दांची मर्यादा असते, तेथे हे सारे कसे मावावे? मावणार नाही, पण ज्याने वर्षभर दीर्घ युक्तिवाद रचला आहे, त्याचे शंभर शब्द निराळे वठतात. ज्यांना व्यावहारिक लाभ पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे, की राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक करण्याचे लोकसेवा आयोगाने ठरविले असून तीत निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, आणि सावेडीतील अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत बसणारी मुले आज वयाच्या पंचविशीत जे नव्याने शिकत आहेत, ते त्यांना पंधराव्या वर्षीच मिळावयास हवे होते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. जात, आरक्षण, धर्म, हे विषय वर्गात आले, तर मुलांत तेढ वाढेल, तेव्हा ते नकोतच, असे पुष्कळ मुख्याध्यापक म्हणतात, आणि त्यांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आरंभ पाण्यापासून आणि रस्त्यापासून करावा, हे मला मान्य आहे. परंतु ते विषय कायमचे वर्ज्य ठेवावेत, हे मला मान्य नाही, कारण मुलांपर्यंत ते पोहोचतातच, आणि जेथून पोहोचतात तेथे पूर्वपक्ष मांडण्याची पद्धत नसते. मुक्ताबाईने चौदाव्या वर्षी लिहिले, ते जातीवर आणि धर्मावरच लिहिले, आणि तिच्या गुरुजनांनी तिला वृक्षारोपणावर लिहावयास सांगितले नाही.

सावेडीतील एखाद्या शाळेने या दुसऱ्या सत्रात पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे. नववीच्या एका वर्गाने मुळा आणि जायकवाडीच्या पाण्यावर निबंध लिहावेत, त्यांतील पूर्वपक्षाचा भाग वेगळा काढून पैठणच्या एखाद्या शाळेतील नववीच्या मुलांकडे टपालाने पाठवावा, आणि आपली बाजू त्यात पुरती आली आहे की नाही, हे त्या मुलांनी समासात लिहून परत धाडावे. जेथे त्यांनी उणीव दाखविली असेल, तेथे आमच्या मुलांनी तो भाग पुन्हा लिहावा. पैठणच्या मुलांनी नगरची बाजू लिहून आमच्याकडे पाठवावी, आणि आम्हीही तितक्याच काळजीने ती वाचावी. यासाठी शिक्षण विभागाची मंजुरी लागत नाही, निधी लागत नाही. दोन अध्यापकांची परस्परांशी ओळख आणि सत्रातले चार तास एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे.